टॉवरवर मोर्चा, सीटी स्कॅनला मुकाट होकार: किरणोत्सर्गाला नेमकं कुठं घाबरायचं?

येळ्ळूर मास्तर

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत मोबाईल टॉवरच्या विरोधात सह्या झाल्या. सही मीही केली, कारण ज्या गच्चीवर टॉवर बसणार ती तीस वर्षांची जुनी, आणि मालकानं शेजाऱ्यांना साधं विचारलंही नव्हतं. पण अर्जात कारण लिहिलं होतं, ‘किरणोत्सर्गानं कॅन्सर होतो’. त्याच आठवड्यात माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याच्या डोक्याचा तिसरा सीटी स्कॅन झाला, आणि घरातल्या एकानंही ‘परत कशाला?’ म्हणून विचारलं नाही. मीही नाही. पंचवीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवतोय, तरी तोंडातून शब्द निघाला नाही. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हा धागा काढतोय.

पोरगं सायकलवरून पडलं, दोनदा उलटी झाली. तालुक्याच्या गावी रात्रीच स्कॅन काढला. तो काढायलाच हवा होता. दुसऱ्या दिवशी बेळगावात आणलं, तिथं ‘आमच्या मशीनवरचाच लागतो’ म्हणून दुसरा. चार दिवसांनी पाव्हण्यांच्या सांगण्यावरून मिरजेला दाखवलं, तिथं ‘ही फिल्म नीट दिसत नाही’ म्हणून तिसरा. पोरगं सुखरूप आहे, देवाची कृपा. परवा बहिणीकडे गेलो तेव्हा कपाटावरची पिशवी खाली काढली. तीन मोठी पाकिटं. एकेक फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बघितली. नाव आहे, वय आहे, तारीख आहे, डॉक्टरांचं नाव आहे. अंगात किरणांचा डोस किती गेला, तो आकडा एकावरही नाही.

आता थोडे आकडे. जगात माणसाला निसर्गाकडूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) डोस मिळतो. त्यातला निम्मा एकट्या रेडॉन वायूचा. जमिनीतलं युरेनियम तुटत तुटत रेडियम होतं, रेडियमचा रेडॉन होतो आणि तो जोत्याच्या भेगांतून घरात शिरतो. बाकीचा खडकामातीतून, आकाशातल्या वैश्विक किरणांतून आणि खाण्यापिण्यातून. आपल्या स्नायूंत पोटॅशियम असतं, त्यातला एक बारीकसा अंश किरणोत्सारी असतो. तो तुमच्या-माझ्या अंगात जन्मापासून आहे. आपल्याकडे गणपतीत, जत्रेत गॅसबत्त्या पेटायच्या. त्यांची जाळी पांढरीशुभ्र उजळायची ती थोरियममुळं, आणि थोरियम किरणोत्सारीच. नवी जाळी बांधून पहिल्यांदा जाळताना धूर निघायचा, आम्ही पोरं नाक लावून बघत उभी असायचो.

विमानानं बेळगावच्या सांबऱ्याहून दिल्लीला गेलं तर मिलिसिव्हर्टचा साधारण शंभरावा भाग. छातीचा साधा एक्स-रे ०.०२ ते ०.१. डोक्याचा सीटी साधारण २. पोटाचा सीटी ८ ते १०, म्हणजे निसर्ग तीन-चार वर्षांत देतो तेवढं काही सेकंदांत. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीनं २००८ च्या अहवालात जगाच्या सरासरीचा हिशेब मांडलाय: दवाखान्यातल्या तपासण्यांतून माणशी वर्षाला ०.६, जुन्या अणुचाचण्यांच्या धुळीतून ०.००५, आणि अणुवीज उद्योगातून ०.०००२.

माझं म्हणणं असं. सीमाभागात आपण टॉवरला घाबरतो, कैगाच्या अणुवीज केंद्राला घाबरतो, पण माणसानं दिलेला सगळ्यात मोठा डोस आपण स्वतःहून पैसे मोजून घेतो आणि त्याची नोंद घरातही नसते, दवाखान्यातही मिळत नाही. आपला जोर तिथं लागायला पाहिजे. कुणाला पटत नसेल तर खुशाल लिहा, मला ऐकायचंय.

काळीकाठ

मास्तर, भाच्याचं वाचून वाईट वाटलं. पण त्या ०.०००२ ला माझा ठाम विरोध आहे, आणि तो भीतीपोटी नाही.

माझं माहेर कारवारकडं, काद्र्याजवळ. कैगाच्या चारही अणुभट्ट्या काद्र्याच्या जलाशयाचं पाणी घेतात. तो आकडा जगातल्या सगळ्या माणसांवर वाटून काढलेला. टोकियोतला, लागोसमधला, अथणीतला, सगळे एका भागाकारात. २४ नोव्हेंबर २००९ ला कैगात काय झालं आठवा. कामगारांच्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) असलेलं, भट्टीत वापरतात ते जड पाणी सापडलं. पन्नासहून जास्त माणसांच्या पोटात ते गेलं. कळलं कसं, तर नेहमीच्या लघवी तपासणीत. आतल्याच कुणीतरी मुद्दाम मिसळलं, असं पुढं सांगितलं गेलं. जगाची सरासरी काढली की त्या कूलरपाशी तांब्या धरून उभा असलेला माणूस कुठं दिसतो?

त्याआधी १९९४ च्या मे महिन्यात, पहिल्या भट्टीचं बांधकाम चालू असताना आतल्या घुमटाचं काँक्रीट कोसळलं. तेव्हा आत इंधन नव्हतं हे आमचं नशीब. आणि विरोध काही अडाण्यांनी केला नव्हता. कन्नडचे मोठे लेखक शिवराम कारंत १९८९ साली आमच्या भागातून लोकसभेला उभे राहिले ते कैगाच्याच मुद्द्यावर.

दुसरी गोष्ट. निसर्ग देतो त्याला कुणाची परवानगी लागत नाही, कारण तिथं देणारा कुणी नाही. कैगाला देणारा आहे. धरण, अणुभट्टी, किनाऱ्यावर नौदलाचा तळ, सगळं आमच्याच जिल्ह्यानं सोसलं आणि वीज गेली सगळीकडं. सीटीला तुम्ही ‘नको’ म्हणू शकत होता, म्हणाला नाहीत. आम्हाला तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. हे दोन डोस एका तागडीत घालू नका.

खानापूर रान

मास्तरांनी टॉवरला एका वाक्यात उडवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनंच २०११ साली मोबाईलच्या लहरी ‘कॅन्सर होण्याची शक्यता’ या गटात टाकल्या. आमच्या वाडीवर टॉवर आला त्याच्या दोन वर्षांत दोन माणसं गेली. हा काय योगायोग?

येळ्ळूर मास्तर

खानापूरकर, गेलेल्या माणसांबद्दल मनापासून दुःख आहे. पण दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो, घोटाळा तिथं होतो. एक्स-रे, रेडॉन, कैगा यांच्यातल्या किरणांमध्ये अणूतला इलेक्ट्रॉन उपटून काढायची ताकद असते, त्यातून पेशीतला डीएनए तुटतो. टॉवरच्या लहरींत ती नसते. त्या फार झालं तर ऊब देतात. तुम्ही सांगितलेला २०११ चा गट खरा आहे, पण त्याचा अर्थ पुरावा तोकडा आहे, नाकारता येत नाही एवढाच. आपल्या देशात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. दूरसंचार खात्याच्या तरंग संचार पोर्टलवर ४,००० रुपये भरून तुमच्या दारात मोजणी करून घेता येते. वाडीनं मिळून भरा, मीही त्यात पैसे घालतो. आकडा हातात आला की भांडायलाही बळ येतं.

क्ष-किरण अक्का

सोळा वर्षं सीटीच्या काचेमागं बसते, म्हणून बोलते. मास्तरांचं निम्मं बरोबर आणि निम्मं धोक्याचं.

धोक्याचं आधी. हा धागा वाचून उद्या कुणी आई डोक्याला मार लागलेलं पोर घेऊन येईल आणि ‘किरण नको’ म्हणून परत जाईल, ही मला खरी काळजी. उलट्या होतायत, पोर गुंगीत आहे, एका डोळ्यातल्या बाहुलीचा आकार वेगळा दिसतोय, अशा वेळी एक मिनिट घालवू नका. आत रक्त साकळत असेल तर ते किरणांपेक्षा कितीतरी आधी जीव घेतं. म्हणूनच रुग्णाला डोसची कायदेशीर मर्यादा नाही. आम्हा कामगारांना आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बाहेरच्या जनतेसाठी वर्षाला १. रुग्णाला दोनच नियम: गरज पाहिजे, आणि गरजेपुरताच डोस पाहिजे.

आता बरोबर काय ते. आकडा नसतो असं नाही, तो मागितला जात नाही. प्रत्येक सीटी मशीन स्कॅन संपल्यावर एक डोसचं पान तयार करतं. त्यावर डीएलपी नावाचा आकडा असतो, मिलिग्रे-सेंटिमीटरमध्ये. मिलिग्रे म्हणजे अंगात मुरलेल्या किरणांच्या ऊर्जेचं माप. डोक्याच्या स्कॅनला मोठ्या माणसासाठी त्याला ०.००२१ नं गुणा, दहा वर्षांच्या आसपासच्या मुलासाठी ०.००३२ नं, अंदाजे मिलिसिव्हर्ट निघतात. समजा पान ६०० दाखवतंय, तर मुलाला १.९ च्या आसपास गेले. मशीनवरचा तोच आकडा, पण मूल जितकं लहान तितका डोस जास्त बसतो. म्हणून लहान मुलासाठी सेटिंग खाली आणायचं असतं. गर्दीत मोठ्यांच्याच सेटिंगवर पोर काढलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि त्यावरून भांडलेयसुद्धा.

दुसऱ्या गावी दाखवायचं असेल तर फिल्म नेऊ नका, सीडी किंवा पेनड्राइव्हवर पूर्ण स्कॅन मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळे काप असतात आणि ते कुठल्याही गावच्या संगणकावर उघडतात. मिरजेचा तिसरा स्कॅन बहुतेक त्यानं वाचला असता.

आणि सोनोग्राफी, एमआरआय यांत असले किरण नसतातच. रोज चार माणसं घाबरून विचारतात.

काळीकाठ

अक्का, हे पानाचं आज पहिल्यांदा कळलं. वहीत उतरवून घेतलं.

येळ्ळूर मास्तर

अक्का, सीडीचं ऐकून चुटपुट लागली. पण मुलांच्या बाबतीत भीती अगदीच पोकळ नाही, हेही इथं लिहून ठेवतो. २०२३ साली युरोपातल्या नऊ देशांचा एक अभ्यास आला. लहानपणी किंवा तरुणपणी, २२ वर्षांच्या आत सीटी झालेल्या जवळपास साडेनऊ लाख जणांचा. निष्कर्ष असा की आजच्या सरासरी डोसचा, म्हणजे ८ मिलिग्रेच्या आसपासचा स्कॅन झालेल्या दर १०,००० मुलांमागं पुढच्या बारा वर्षांत एक-दोघांना त्या किरणांमुळं रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. ज्याला स्कॅनची गरज आहे त्याच्यासाठी ही जोखीम काहीच नाही. पण ‘फिल्म नीट दिसत नाही’ म्हणून काढलेल्या स्कॅनसाठी ती फुकटची आहे.

काळीकाठ ताई, तुमच्याशी वाद मात्र आहे. केरळात कोल्लमजवळ, करुनागपल्ली तालुक्याच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, थोरियमनं भरलेली. तिथं काही घरांत वर्षाला जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट डोस. हजारो कुटुंबांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २००९ साली निष्कर्ष आला की त्या किरणांमुळं कॅन्सर वाढलेला दिसत नाही. मग कैगाच्या कुंपणाबाहेर जाणाऱ्या काही मायक्रोसिव्हर्टवरून, म्हणजे मिलिसिव्हर्टच्या हजाराव्या भागांवरून, आपण पिढ्यान् पिढ्या का झुरायचं? जपानात फुकुशिमाच्या अणुभट्टी अपघातानंतर लोकांना घाईनं हलवताना आणि नंतरच्या हालअपेष्टांत २,००० च्या वर माणसं गेली. किरणांनी त्या आसपासच्या रहिवाशांना झालेलं नुकसान मात्र संयुक्त राष्ट्रांच्या समितीला सापडलं नाही. भीतीसुद्धा मारते.

काळीकाठ

आणि चेर्नोबिलच्या भट्टीचा स्फोट? त्याच समितीनं लिहिलंय की १९८६ ला लहान असलेल्या मुलांत थायरॉईड कॅन्सरचे ६,००० हून जास्त रुग्ण सापडले, आणि त्यातला मोठा वाटा किरणोत्सारी आयोडीन मिसळलेल्या दुधाचा. तिथल्या आयांना वेळेवर कुणी सांगितलं नाही की दूध पाजू नका. दोन्ही ठिकाणचे आकडे घ्या मास्तर, एकाच गावचे नको.

केरळच्या वाळूबद्दल म्हणाल तर ते लोक पिढ्यान् पिढ्या त्याच वाळूवर आहेत, डोस रोज थोडा थोडा, आणि तो उद्या अचानक दसपट होणार नाही. भट्टीचं तसं नसतं. ३६४ दिवस ती काही मायक्रोसिव्हर्टच देते, हे मी मान्य करते. माझी भीती उरलेल्या एका दिवसाची आहे. त्या दिवशी मला कोण सांगणार, कधी सांगणार आणि कुठल्या भाषेत? मोजणारी प्रयोगशाळा अणुऊर्जा खात्याची, भट्टी त्याच खात्याची, आणि अणुऊर्जा नियामक मंडळालाही पुरेसं स्वातंत्र्य नाही, असं २०१२ साली कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालात आलं होतं. मी भट्टी उद्या बंद करा म्हणत नाही. काद्र्याच्या पाण्यातल्या ट्रिटियमचा दर महिन्याचा आकडा पंचायतीच्या फळ्यावर लागावा, कन्नडमध्ये, कोकणीत, मराठीत. शेजारी जागतिक आरोग्य संघटनेची पाण्यासाठीची मर्यादा लिहावी, लिटरला १०,००० बेक्वेरेल (बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू तुटणं). त्याच्या खाली किती आहे ते आमचं आम्ही बघू.

येळ्ळूर मास्तर

ही मागणी मला शंभर टक्के मान्य. एका दिवसाच्या भीतीवर माझ्याकडे उत्तर नाही, हेही मान्य.

निपाणीची लेक

सगळे दवाखाना आणि भट्टी यांतच अडकलेत. आमच्या वखारीकडे कुणाचं लक्ष नाही.

माझी आई वीस वर्षं तंबाखूच्या वखारीत चाळण मारायला जायची. संध्याकाळी घरी आली की पदर झटकायची आणि उंबऱ्यावर पिवळट भुकटी पडायची. आम्ही पोरी शिंकत आत पळायचो. कॉलेजात गेल्यावर कळलं की तंबाखूच्या पानात पोलोनियम-२१० नावाचं किरणोत्सारी द्रव्य असतं. १९६४ सालीच हार्वर्डच्या दोन शास्त्रज्ञांनी सिगारेटच्या धुरात ते दाखवलं. हवेतला रेडॉन तुटून जे कण होतात ते तंबाखूच्या पानावरच्या चिकट लवेला चिकटतात, आणि फॉस्फेट खतातूनही थोडं येतं, कारण ते खत ज्या खडकापासून करतात त्यात युरेनियम असतं. पानावरच्या या कणांतलं किरणोत्सारी शिसं २२ वर्षांनी निम्मं होतं आणि त्यातून नवं पोलोनियम तयार होत राहतं. म्हणजे वखारीत माल मुरत ठेवला तरी ते संपत नाही. बिडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसात, श्वासनळीला जिथं फाटे फुटतात तिथं, ते जाऊन बसतं.

१९८१ च्या तंबाखू आंदोलनात आमच्या शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या, मालाला भाव मिळावा म्हणून. तो लढा माझ्या घरानं लढलाय, म्हणून शेतकऱ्याला बोल लावायला मी आलेली नाही. पण मास्तर, तुमच्या हिशेबात ‘निसर्गाचे २.४’ आणि ‘दवाखान्याचे ०.६’ आले. बिडीतला डोस कुठल्या रकान्यात? रेडॉन निसर्गाचा, खत माणसाचं, आणि ओढायची सवय लावणारा धंदा.

क्ष-किरण अक्का

लेकी, तुझं बरोबर आहे, फक्त एक जोडते. बिडीतला कॅन्सर एकट्या पोलोनियमचा नाही. मोठा वाटा डांबर आणि नायट्रोसमाइनसारख्या रसायनांचा. नाहीतर उद्या कुणीतरी ‘किरणमुक्त बिडी’ म्हणून विकायला काढेल. आणि रेडॉन व धूर एकमेकांचा जोर वाढवतात. रेडॉन हे धूम्रपानाच्या खालोखाल फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण आहे, आणि एकाच माणसाला दोन्ही मिळाले की धोका कितीतरी वाढतो. त्यामुळं बंद खोलीत बिडी ओढणाऱ्या आजोबांची खिडकी आधी उघडा.

देशनूरचा जावई

रेडॉनचा विषय निघाला म्हणून. सासुरवाडी बैलहोंगल तालुक्यात, देशनूर. त्या भागातल्या वालुकाश्मात अणुखनिज संचालनालयानं बोअर मारून युरेनियम शोधलंय. तेव्हापासून तिथली मंडळी बोअरचं पाणी प्यायला कचरतात. मास्तर, पाण्याचं काय करायचं?

येळ्ळूर मास्तर

जावईबापू, पाणी तपासून घ्यायचं, हे आधी. युरेनियमची पाण्यातली मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची आणि भारतीय मानकाचीही. विशेष म्हणजे पाण्यातून पोटात गेलेलं युरेनियम किरणांपेक्षा विष म्हणून जास्त त्रास देतं, मूत्रपिंडाला. मर्यादेच्या वर निघालं तर आरओनं बरंचसं निघतं. उकळून काही होत नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं.

घरांबाबत: आपल्या उत्तर भागात, चिकोडी-निपाणी-अथणीकडं, काळा बसाल्ट. त्यात युरेनियम-थोरियम ग्रॅनाईटच्या मानानं फार कमी. बांधकामातल्या ग्रॅनाईटबद्दल लोक घाबरतात, पण स्वयंपाकघराच्या ओट्याला लावलेल्या इलकलच्या लाल दगडातून येणारा रेडॉन जमिनीतून येणाऱ्यापुढं नगण्य. खरी गोष्ट हवा खेळती असण्याची. जुन्या घरात ती कौलांतून खेळायची. आता एसी बसवून फटी बुजवतोय तेव्हा बेतानं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातल्या रेडॉनसाठी सुचवलेली पातळी घनमीटरला १०० बेक्वेरेल, आणि तेवढं जमत नसेल तिथं जास्तीत जास्त ३००.

कडोलीची सून

एक छोटी गोष्ट. मागच्या वर्षी मला तिसरा महिना होता आणि कंबरेच्या एक्स-रेसाठी रांगेत बसले होते. भिंतीवर पाटी होती, कन्नड आणि इंग्रजीत. मला दोन्ही वाचता येत नाही. शेजारच्या एका कन्नड बोलणाऱ्या अक्कांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘दिवस गेलेत का ग?’ आणि मोडक्यातोडक्या मराठीत पाटी वाचून दाखवली: गरोदर असाल तर आधी सांगा. उठून डॉक्टरांना सांगितलं, एक्स-रे पुढं ढकलला. भाषेचं भांडण उकरायचं नाही मला. एक ओळ मराठीत असती तर बरं झालं असतं, एवढंच.

खानापूर रान

सूनबाईंची गोष्ट वाचून सांगतो, आमच्या वाडीच्या अर्जात आता दोन मागण्या करू: टॉवरची मोजणी आणि तालुक्याच्या एक्स-रे खोलीवर मराठी पाटी. टॉवरवरचं माझं मत मात्र मोजणी झाल्याशिवाय बदलणार नाही.

उद्यमबाग

मी लई शिकलेला न्हाई, चुकलं तर सांभाळून घ्या. बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीला हाय. आमच्यात दोन ठिकाणी ही किरणं येत्यात, त्येचं कुणी काढलं न्हाई म्हणून लिवतोय.

एक म्हंजे भंगार. फर्नेसला कुठलं कुठलं भंगार येतं. २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात विद्यापीठानं लिलावात काढलेलं जुनं यंत्र फोडलं, आत किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतं. एक माणूस मेला, बाकीच्यांचे हात भाजल्यागत झाले. त्येच्याआधी २००८ ला फ्रान्समधी लिफ्टच्या बटनांत कोबाल्ट निघाला, आन् पोलाद आपल्या देशातनं गेलेलं. तवापासनं युरोपला माल धाडणारे प्रमाणपत्र मागत्यात, किरणं न्हाईत म्हणून. ज्येचा माल हितंच खपतो त्येला कोण विचारतंय? भंगार उतरवणाऱ्या हमालाच्या हातात मीटर न्हाई.

दुसरं म्हंजे कास्टिंगचा फोटो. मोठं कास्टिंग झालं की आत पोकळी हाय का बघायला किरणोत्सारी इरिडियमचा कॅमेरा आणत्यात. रात्रपाळीला, दोरी बांधून, लाल दिवा लावून. मी गेले आठ महिने त्या टोळीसंगं हेल्पर हाय. छातीला लावायचा, किरणं मोजायचा बिल्ला दिलाय. पर तो हापिसात खिळ्याला टांगलेला असतोय. साहेब म्हणत्यात, ‘बिल्ला हरवला तर दंड बसतो, हितंच राहू दे.’ मास्तर, कैगा लांब राहिलं, सीटी बी लांब राहिलं. माझा डोस खिळ्याला लागतोय का मला?

क्ष-किरण अक्का

दादा, तुला लागतोय, आणि खिळ्याचा लिहिला जातोय. तो बिल्ला दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जातो. त्याच्या आतल्या चकत्या तापवून डोस वाचतात आणि तुझ्या कायमच्या क्रमांकावर चढवतात. देशातल्या प्रत्येक किरण-कामगाराचा हिशेब असा जन्मभर जपलेला असतो. भिंतीवरच्या बिल्ल्यानं तुझ्या नावावर शून्य लिहिलं जातं. उद्या काही झालं तर त्या शून्यावर बोट ठेवून तुलाच खोटं पाडतील. कामावर चढताना छातीला लाव, उतरल्यावर ठरलेल्या जागी ठेव. आणि मागच्या तीन तिमाह्यांचे आकडे लेखी माग. तो तुझा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

काळीकाठ

दादा, आमच्या कूलरवाल्या कामगारांचं निदान लघवीच्या तपासणीत कळलं. तुझं कुठंच कळणार नाही. अक्का सांगतायत ते आजच्या आज कर.

येळ्ळूर मास्तर

धागा काढताना माझ्या डोक्यात फक्त दवाखाना होता. उद्यमबागेत माझे जुने विद्यार्थी कामाला आहेत, वीस तरी असतील. एकालाही कधी विचारलं नाही की बिल्ला लावतोस का. रविवारी जाऊन विचारतो.

उद्यमबाग

अक्का, तुमी सांगितल्यावर काल रातच्याला खिळ्यावरनं बिल्ला काढला आन् छातीला लावायला गेलो. उजेडात नीट बघितलं तर वरचं नाव माझं न्हाई. माझ्याआधी जो पोरगा हेल्पर होता त्येचं हाय. तो दिवाळीतच सोडून गेला.

क्ष-किरण अक्का

दादा, त्या बिल्ल्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढ. नाव, क्रमांक आणि तिमाही दिसली पाहिजे. तू कुठल्या तारखेपासून, किती रात्री कॅमेऱ्याजवळ होतास ते आठवून वहीत लिही, सोबतच्याची सही घे. तुझ्या नावाचा बिल्ला हातात पडेपर्यंत दोरीच्या आत पाऊल टाकू नकोस. साहेब रागावले तर मला इथंच निरोप टाक. अणुऊर्जा नियामक मंडळाला लिहायचा अर्ज मी आज रात्री मराठीत आणि इंग्रजीत तयार करून ठेवते. त्या दिवाळीत गेलेल्या पोराचा फोन असेल तर त्यालाही कळव. त्याच्या नावावर खिळ्याचे आठ महिने चढलेत.